चौथं कारण

एवढीशी गोळी, तळहाताच्या घामानं कडेकडेनं विरघळू लागलेली, आणि कौशल्या तिच्याकडे बघत बसलेली... गिळली तर दुपारपर्यंत पाय हलके होतील, छातीवरचं ओझं उतरेल, पण त्याआधी चार-चारदा बाथरूमकडे पळावं लागेल, आणि कुहीच्या बसमध्ये बाथरूम कुठलं? म्हणून बाहेर जायच्या दिवशी गोळी गुपचूप मोगऱ्याच्या कुंडीत जायची. मागच्या खेपेला कुहीला जिजाबाईकडे, धाकट्या बहिणीकडे, पोचता पोचता असा दम लागला की घरात फर्मान निघालं — पुन्हा असं झालं तर कुही कायमची बंद. डॉक्टरांनी गोळी चुकल्याचं कारण विचारलं तेव्हा शेजारी गोपाळराव बसलेले. नवऱ्यासमोर, परक्या पुरुषाला, काय सांगणार होती कप्पाळ. "विसरली जी," म्हणाली.

आज मात्र फोननं विचारलं. हृदयाच्या दुखण्यासाठी दवाखान्यातून घालून दिलेलं ॲप ते. सून मयुरा त्याला कौतुकानं 'तुमची मैत्रीण' म्हणायची आणि कौशल्या मनात म्हणायची, नसती चोंबडी मैत्रीण. वजन विचारते, सूज विचारते... पण कधी रागावत नाही, हेही खरं. गोळी अधूनमधून का चुकते, असं तिनं विचारलं होतं आणि खाली कारणं दिली होती. विसरले. संपली. त्रास होतो. आणि चौथं — बाहेर जायचं असतं, लघवीची सोय नसते.

कौशल्याचं बोट तिथंच थांबलं. कोणाला सुचलं असेल हे? कोणीतरी बाईच असणार, बसच्या खिडकीशी मांड्या आवळून बसलेली... नाहीतर माझ्यासारख्या कितीजणींनी आधीच सांगून टाकलं असेल. म्हणजे मी एकटी नव्हते तर. इतकी वर्षं मी मलाच मूर्ख म्हणत आले. तिला एकदम भरून आलं. त्या बिनचेहऱ्याच्या मैत्रिणीचं इतकं कौतुक वाटलं की पदर डोळ्यांना लावावा लागला.

तिनं चौथ्या कारणावर बोट ठेवलं. मग ॲपनं कधी निघणार, कधी पोचणार ते विचारलं, आजचं वजन पाहिलं, ते बेतात होतं, आणि सांगितलं: डॉक्टरांनी तुम्हाला गोळीची वेळ मागेपुढे करायची मुभा दिली आहे. पोचल्यावर घेता येईल, किंवा आत्ता घेऊन दुपारच्या बसनं जाता येईल. तुम्हाला काय बरं पडेल? — तुम्हाला. या घरात भाजी कोणती करू हे तीच सगळ्यांना विचारायची, तिला कोणी काही विचारल्याचं आठवत नव्हतं.

"गोळी घेतली काय वं?" दुकानाला निघालेले गोपाळराव दारातून म्हणाले.

रोजचं 'घेतली' ओठांवर आलंच होतं.

"नाही घेतली. कुहीले पोचल्यावर घेईन."

"कुही? आन् आता काहून नाही घेत?"

"अवो, बसमध्ये लघवी लागली त मी कुठं जाऊ?"

एक पाय चपलेत घालून ते तसेच उभे राहिले. इतवारीतल्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस, आता नुसता दुसरी चप्पल पायानं चाचपत राहिला. जा म्हणतील की नाही, काही कळत नव्हतं. एरवी ते असे अडकले की कौशल्याच विषय बदलून त्यांना सोडवायची... आज तिनं सोडवलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिला जराही लाज वाटत नव्हती.