वालाचं बिरडं आणि काळी पट्टी

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत महिपती ऑपरेटर होता आणि श्यामकांत लॅबमधले केमिस्ट. एक बदलापूर गावचा शेतकऱ्याचा मुलगा, दुसरे शिकलेले साहेब. पण दर बुधवारी दोघं एकाच डब्यात जेवायचे. कारण काय, तर महिपतीच्या बायकोच्या, अंजनीच्या हातचं वालाचं बिरडं.

आता वाल खाल्ल्यावर पोट काय गप्प बसतंय होय? पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा महिपती मेल्याहून मेला झाला. श्यामकांत हसले नाहीत. म्हणाले, "अरे, लाजतोस काय? वाल आतड्यात आंबतात, त्याचा वायू होतो. नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कुणाकुणाच्या पोटात मिथेन. यातल्या एकालाही वास नाही. वास मारतो तो चिमूटभर गंधकाचा वायू. तोच आपल्या चार नंबर टाकीत आहे. तिथे सुटला तर माणूस जातो." तेव्हापासून महिपती त्यांना देव मानायला लागला.

म्हणून एका बुधवारी चार नंबर टाकीखालच्या खड्ड्यातून कुजक्या अंड्यांचा वास आला, तेव्हा तो आधी त्यांच्याकडेच धावला. श्यामकांत पांढरी पट्टी घेऊन गेले. हा वायू असला की ती काळी पडते. परत येऊन म्हणाले, "बघतो मी."

दुसऱ्या दिवशी महिपतीने मॅनेजरला वासाचं सांगितलं. श्यामकांत शेजारीच उभे होते. "साहेब, काल बुधवार. याची बायको वाल करते," ते म्हणाले. अख्खी केबिन खो खो हसली. अंजनीचं नाव चार माणसांत असं निघालं, महिपतीच्या अंगाची आग झाली. त्यात स्वतःचीच शंका यायला लागली, की खरंच आपलाच वास असेल का? खड्ड्यात उतरून तो साफ करायची उद्याची पाळी त्याचीच होती, ती काही रद्द झाली नाही.

कालचा डबा न्यायला तो लॅबमध्ये गेला. डबा नेहमी श्यामकांतांच्या खणात असायचा. खणात डब्याखाली पट्टी होती, काळीकुट्ट. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: टाकी चार, बुधवार.

श्यामकांत मागे येऊन उभे राहिले. "प्लांट बंद पडला असता रे. माझं प्रमोशन या महिन्यात आहे."

"खड्ड्यात उद्या मी उतरनार, ठाऊक होतं ना साहेब?"

"होतं," ते खाली बघत म्हणाले.

महिपतीने पट्टी खिशात घातली आणि मॅनेजरच्या केबिनकडे निघाला.

"महिपती, डबा राहिला."

"ऱ्हाऊ दे. अंजनीला सांगेन, साहेबांना वाल बाधले."