डावीकडचा सांधा

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. चारही चाकांनी ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे, नारळाएवढ्या लोखंडी गोळ्यात मला बंद केलेलं होतं. इंजिनाचा जोर चाकाला द्यायचा, आणि चाक वळलं तरी तो तुटू द्यायचा नाही, हे माझं काम. माझ्या पोटात सहा पोलादी गोळ्या आहेत, त्याही पिंजऱ्यात! उजव्या चाकामागे माझा जुळा भाऊ. अठ्ठावीस वर्षं एका गाडीत राहूनही आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

कारखान्यात मला घासून चकचकीत केलं आणि उजेडाची ओळख होण्याआधीच ग्रीस थापून आत ढकललं. बाहेर कोलोरॅडोचे डोंगर आहेत असं ऐकून आहे. मला फक्त त्यांचे चढ ठाऊक. बर्फातून दरीवरच्या घरी पोहोचलो की मालक ऑरिन बॉनेटवर शाबासकीची थाप मारायचा. ती इंजिनाला मिळायची. मला कोण विचारतो?

मग माझ्यामागचं रबरी सील झिजलं. आसातलं पातळ तेल माझ्या खोलीत शिरलं, ग्रीसची कढी झाली आणि चाकावर ओघळू लागली. ऑरिनने पाहिलं आणि हसला. "गळतंय ना? मग आत तेल आहे म्हणायचं! गळायचं थांबलं की काळजी करू." आमच्याकडे जुन्या गाड्यांचे सगळेच मालक हा विनोद करतात. त्या विनोदात माझे सहा हिवाळे गेले. मी कोरडा घासत होतो, वळणावर कटकट वाजत होतो, आणि हाक मारायला मला तेवढा एकच आवाज होता.

वसंतात ऑरिन गेला. मागे राहिली त्याची बायको लुएला, चौसष्ट वर्षांची, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. तिने आयुष्यात पाना धरला नव्हता. ऑक्टोबरात तिची मुलगी जनीन रिकामी खोकी घेऊन आली.

"आई, या रस्त्यावरचा बर्फ काढायला कुणी येत नाही. बर्फ पडायच्या आत गाडी धड झाली नाही, तर घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. आपलं ठरलंय."

"ठरलंय ना? मग बर्फ पडू दे तरी," लुएला म्हणाली.

तिने आधी माझ्या गोळ्याबाहेरची गळकी रबरी पट्टी तेवढी बदलली. दोन दिवसांत तेल पुन्हा ओघळलं. मग गाडीदुरुस्तीचं पुस्तक उघडून, गाडी जॅकवर चढवून ती एकेक भाग काढू लागली. बोल्ट मफिनच्या साच्यात, पुसायला ऑरिनचे जुने शर्ट फाडलेले. एक शर्ट मात्र तिने हुंगला आणि बाजूला ठेवला. शेवटी मला बाहेर ओढलं. इतक्या वर्षांनी उजेड पाहिला आणि, खरं सांगतो, मी घाबरलो.

तिने मला आणि माझ्या भावाला एकाच पातेल्यात रॉकेलने धुतलं. तिने आमच्यावर पेनाने 'डावा', 'उजवा' लिहिलेलं होतं, ते रॉकेलने साफ पुसून टाकलं. लुएलाने आम्हाला उलटसुलट फिरवून पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. शेजारचा अर्विड, एके काळचा खाणीतला मेकॅनिक, चौकशीला आला तेव्हा ती रडत होती.

"वाट लावली मी, अर्विड. डावा कुठला, उजवा कुठला, काही कळत नाही. बांधते आता खोकी."

अर्विडने माझ्या पोटातल्या, गोळ्या फिरतात त्या खाचांवरून नख फिरवलं आणि खो खो हसत सुटला. "अगं बये, आम्ही तर यांची मुद्दाम अदलाबदल करतो! ही झीज बघ. हा डावा. जन्मभर एकाच अंगाने ओढत आलाय. उजवीकडे लाव, तिथे तो उलटा फिरेल, म्हणजे त्याचं दुसरं अंग कामाला लागेल. ते अजून कोरं आहे."

"म्हणजे मी फुकटच रडले?"

"रड की! पण आधी आतलं सील बदल, आणि ग्रीस घालताना हात आखडू नकोस."

माझं एक अंग कोरं आहे, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

लुएलाने नवं सील ठोकलं, मुठी भरभरून ग्रीस भरलं आणि मला उजव्या गोळ्यात सरकवलं. उजेड बारीक होऊ लागला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. ती हळूच म्हणाली, "बस बाबा आत. आपल्याला दोघांनाही इथंच राहायचंय." आणि तिने बोल्ट आवळले.

दुसऱ्याच दिवशी बर्फ पडला. लुएला जनीनला शेजारी बसवून चढाला लागली. सगळ्यात वाईट वळण आलं. मी कोऱ्या अंगाने जोर लावला. कटकट झाली नाही. वर पोहोचल्यावर लुएलाने बॉनेटवर नाही, उजव्या चाकावर थाप मारली.

मित्रांनो, मी आजही कोंडलेलाच आहे, आणि अंधार पूर्वीइतकाच काळा आहे. मागणं एवढंच, की कुठे काही गळताना दिसलं तर हसून पुसून टाकू नका. आत कुणीतरी झिजत असतं.

त्या संध्याकाळी लुएलाने जनीनचं एक खोकं फाडून गाडीखाली अंथरलं. सकाळी जनीन वाकल्याचं मला ऐकू आलं. पुठ्ठ्यावरून तिचा हात खरखरत फिरला.

मग म्हणाली, "आई, कोरडं आहे गं. बाकीची खोकीही इथंच ठेवून जाते, गाडीखाली घालायला होतील."