अत्तम्माचं स्नान

प्रेशरचा आकडा साडेतीनशेच्या पुढे गेला तेव्हा अलिवेलूने आधी पंप बंद केला आणि मग मशीनवरचा झेंडूचा हार उचलून बाजूला ठेवला. हाराचा काही दोष नव्हता. पण काहीतरी बाजूला करणं भाग होतं.

"अक्का, अत्तम्मा गेल्या का?" शेजारच्या टेबलावरून रजिताने हळूच विचारलं.

"तोंड आवर."

अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, हे बोटाएवढ्या जाड अशा एका पोलादी कॉलमचं नाव होतं. आत पिठासारखी पांढरी भुकटी गच्च भरलेली. विरघळवलेलं औषध एका तोंडाने आत जायचं आणि त्यातले घटक एकेक करत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचे. पडद्यावर प्रत्येकाचा वेगळा डोंगर उठायचा. या कारखान्याच्या रक्तदाबाच्या औषधात एक नको असलेला घटक कधीकधी शिरे, आणि तो औषधाला इतका चिकटून चाले की बाकीच्या कॉलममध्ये दोघांचा मिळून दीड डोंगर दिसायचा. हा जुना कॉलम मात्र दोघांना जवळ उभंच राहू देत नसे. नाव रजिताने ठेवलं होतं. तिचं लग्न मार्चमध्ये झालं होतं.

सकाळी आयुधपूजा झाली होती. आयुधाला पूजेआधी आंघोळ हवी, असा लॅबचे प्रमुख सुदर्शनम सर यांचा नियम होता. त्यांनी बॉयलरला पाणी घालायला लावलं, तराजूला ओल्या फडक्याने पुसून घेतलं. मागच्या दसऱ्याला एका कॉम्प्युटरला घातली होती, तो अजून आजारी रजेवर होता. अत्तम्मांना त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. अलिवेलू दारात मुग्गू, म्हणजे रांगोळी, काढत बसली असताना त्यांनी पंप उघडून लॅबमधलं सर्वांत शुद्ध आणि सर्वांत महाग द्रावण, निव्वळ ॲसिटोनायट्राइल, थेट सोडून दिलं. कॉलममध्ये रात्रीच्या कामाचं खारं पाणी तसंच भरलेलं होतं. आधी साधं पाणी, मग हळूहळू बाकीचं, अशी सूचना भिंतीवर लावलेली होती. ती सरांनीच लिहिली होती, ते स्वतः मशीनवर बसायचे त्या काळात. निव्वळ ॲसिटोनायट्राइलमध्ये मीठ विरघळत नाही. ते आतल्या आत, जिथल्या तिथे थिजलं होतं.

"काय करून ठेवलंस हे, अम्मा?" सुदर्शनम सर आत येत म्हणाले. "तुझ्या हवाली केला होता ना कॉलम?"

अलिवेलूने ॲसिटोनायट्राइलच्या बाटलीकडे पाहिलं. झाकणावर हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा होता. सरांनीही पाहिला, आणि हात खिशात घातला.

ती कंत्राटावर होती. दसऱ्यानंतर तिला कायम करायचं सरांनी तोंडी कबूल केलं होतं, आणि तोंडी कबूल केलेलं विसरायला त्यांना फार मोठं कारण लागत नसे.

फाटकात मालाचा ट्रक उभा होता. मुहूर्त गाठायचा म्हणून तपासणीचा निकाल यायच्या आधीच पिंपं चढवून झाली होती. ट्रकला हार घातला होता आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं होतं. राहुकाळ लागायच्या आत ती चिरडून ट्रक निघाला पाहिजे, असं उत्पादन विभागाचे भूपाल रेड्डी फोन करकरून सांगत होते. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात जोडून बसला होता.

अलिवेलूने कॉलमचं पुढचं तोंड सोडवलं, म्हणजे आतली घाण मशीनच्या डोळ्यात जाणार नाही. खाली एक चंचुपात्र ठेवलं. कोमट पाणी, त्यात नावाला ॲसिटोनायट्राइल, आणि पंपाला शक्य तितकी मंद गती. आजारी माणसाला चमच्याने पेज भरवावी तसं.

थेंब येईना.

सर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत स्तोत्र पुटपुटत फिरू लागले. रजिताने प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा आणून कॉलमशेजारी ठेवला, मग कुणी पाहत नाहीसं बघून स्वतःच खाल्ला. प्रेशर तीनशे. बराच वेळ तीनशे. रेड्डींचा फोन वाजला आणि कुणीच उचलला नाही. मग नळीच्या तोंडाशी काहीतरी चमकलं, फुगलं आणि पात्रात पडलं.

"पडला," रजिता म्हणाली.

दुसरा पडला. आकडा दोनशे नव्वद झाला. मग दोनशे सत्तर. अलिवेलूने तेव्हा कुठे पाठ खुर्चीला टेकवली.

आकडा नेहमीच्या जागी येऊन थांबल्यावर तिने कॉलम पुन्हा जोडला, खारं पाणी हळूहळू चालू केलं आणि स्टँडर्डची कुपी लावली. म्हणजे ज्यात औषध आणि तो नको असलेला घटक, दोन्ही मुद्दाम घातलेले असतात. पडद्यावर दोन डोंगर उठले. मधून बैलगाडी जाईल एवढी सपाट जमीन.

सरांनी कॉलमला दोन्ही हातांनी नमस्कार केला. तुझं कायम करायचं पत्र उद्याच टाइप करायला सांगतो, असंही म्हणाले. अलिवेलूने ट्रकमधल्या मालाची कुपी लावली.

पहिला डोंगर उठला आणि उतरला. मग दुसरा, त्या नको असलेल्या घटकाचा, उठू लागला. तो टेकडी असेल असं वाटलं होतं. मालाला चालते त्या मर्यादेच्याही वर तो चढतच राहिला.



"बिचाऱ्या अत्तम्मा," सर म्हणाले. "एवढं सगळं झाल्यावर यांच्या शब्दावर कोण भरवसा ठेवणार?"

"सर, आत्ता तुम्ही नमस्कार केलात," अलिवेलू म्हणाली.

"मेलेल्यांनाही करतात."

त्यांनी कपाटातून नव्या कॉलमचा डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"हा लाव. दीड डोंगर येईल. दुसरा लहान दिसावा म्हणून मधली रेघ कुठे मारायची ते मी दाखवतो. जुना कॉलम धुताना गेला असं लिहू. कुणाच्या हातून, ते लिहायची गरज नाही. यात कुणाचीच चूक नाही, तल्ली. पत्र उद्या कशाला, आजच करू."

सकाळपासून अलिवेलू याच वाक्याची वाट पाहत होती. कुणाचीच चूक नाही. आणि सर ते म्हणाले, तेही तल्ली म्हणून, लेकीला म्हणावं तसं.

तिने डबा उघडला. नवा कॉलम हातात घेऊन पाहिला, परत आत ठेवला आणि झाकण लावलं. मग स्टँडर्डची कुपी पुन्हा मशीनमध्ये ठेवून बटण दाबलं.

तिघंही उभी राहिली. डोंगर उठला, उतरला. सपाट जमीन आली. दुसरा उठला, उतरला. सर तो जमिनीला टेकेपर्यंत पाहत होते.

अलिवेलूने ओलं फडकं घेतलं आणि बाटलीच्या झाकणावरचा हळदीचा ठसा पुसून टाकला. सावकाश, कडेपर्यंत.

"अत्तम्मा जिवंत आहेत, सर," ती म्हणाली. "कुणाची चूक झालेलीच नाही."

फोन वाजला. सर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलला आणि रेड्डींचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लिंबं अख्खी आहेत ना?" त्यांनी विचारलं. "काढून घ्या. कँटीनला द्या, पुलिहोरा करतील. भाताला आंबट लागतंच."

पलीकडून रेड्डी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ म्हणत होते. सरांनी एका हाताने फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने नव्या कॉलमचा डबा कपाटात ठेवला. पत्राचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

अलिवेलूने अत्तम्मांना आंघोळ घालायला घेतली. आधी साधं पाणी.