दोन आयांमधला पडदा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डातला पडदा आहे. जुना म्हणजे म्हातारा नव्हे. आमचं वय वर्षांनी मोजत नाहीत. 'याला नवा फोन चालत नाही' असं कोणीतरी म्हणालं, की आम्ही म्हातारे झालो. माझ्या तोंडावर हे वाक्य बोलून झाल्याला बराच काळ लोटला. तरी मी रोज उजळतो आणि रोज बोलणी खातो.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात झाला. तिथे डोक्याला टोपी आणि हातात पातळ मोजे घातलेली एक तपासनीस बाई होती. तिने माझ्या प्रत्येक कोपऱ्यावर बोट टेकवलं, मला उजळवलं, विझवलं आणि म्हणाली, "हा छान आहे." इतकं निर्मळ कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही. ती मला बघत होती. तिच्यानंतर ज्याने ज्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला माझ्यात आपला फोन बघायचा होता.

मी बसलो ती मोटार एका जोडप्याने घेतली. साहेब आर्किटेक्ट. त्यांची बायको घरोघर जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट. रुग्ण तिला 'बाई' म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. गाडी विकणाऱ्या माणसाने त्यांना माझ्यासमोर उभं करून सांगितलं, "फोन खिशातून काढूही नका. गाडीत बसलात की सगळं आपोआप."

मित्रांनो, या 'आपोआप'ने माझं जेवढं वाटोळं केलं, तेवढं उन्हानेही केलं नाही.

सुरुवातीला माझा थाट होता. साहेब चष्म्याच्या मऊ कापडाने मला पुसायचे आणि मग, जमल्यास, चष्माही. शेजाऱ्यांना गाडीत बसवून, "बघा, नुसतं बोलायचं," म्हणायचे. आणि नुसतं बोलल्यावर मी खरोखर रस्ता दाखवायचो, गाणं लावायचो, फोन लावायचो. शेजारी "अरे वा!" म्हणायचे. ते "अरे वा" माझं म्हणून मी घेतलं. ते फोनचं होतं, हे मला पुढे समजलं.

कारण फोन हा फार लहरी प्राणी. एके सकाळी तो नवं अपडेट घेऊन आला आणि मला ओळखच देईना. आदल्या दिवसापर्यंत आमचं गुळपीठ, आणि आज मी विचारतोय, "जोडू का?" तर हा खिशात गप्प. साहेब मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "फोन एकदम ओके आहे, गाडीला दाखवा." गॅरेजमध्ये गेले. तिथला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "पडदा एकदम ओके आहे, फोनवाल्याला विचारा." दोघेही ओके, आणि साहेब मध्ये उभे. शेवटी इलेक्ट्रिशियनने तार काढली, तिच्या तोंडावर फुंकर मारली आणि परत लावली. फोन जोडला गेला! तेव्हापासून या घरात फुंकर हेच औषध झालं.

तारांचीही एक गंमत सांगतो. काही तारा फोनला फक्त चार्ज करतात, बोलणं पोचवत नाहीत. दिसायला दोघी जुळ्या. साहेब हटकून मुकी तार उचलायचे आणि माझ्या काचेवर टिचक्या मारत बसायचे.

"थांब, घेतोय, घेतोय."

"काय घेतोय? आपण चौक ओलांडला," बाई म्हणायच्या.

तार नसेल तर मी हवेतून जोडला जातो, आणि तिथे माझ्यावर एक नियम लादलेला आहे. ज्या फोनची ओळख आधी, त्याचा मान आधी. तो नसेल तर दुसरा. पहिली ओळख साहेबांच्या फोनची. एकदा साहेब फोन दुकानात दुरुस्तीला देऊन आले होते. त्यांनी अंगणात गाडी सुरू केली, मला घरातल्या बाईंचा फोन सापडला, मी तो घेतला. तेवढ्यात बाईंच्या आईंचा फोन आला, साहेबांनी सवयीने बटण दाबलं आणि सबंध गाडीत आवाज घुमला, "काय गं, जावईबापू घरात आहेत का? नसतील तर सांगते."

जावईबापू घरात नव्हते, हे खरंच होतं. ते इंजिन बंद करून शेवटपर्यंत ऐकत बसले. दोष अर्थात माझ्यावर आला.

आता ज्यांच्यापायी हे सगळं सांगतोय, त्यांच्याकडे वळतो. साहेबांच्या आई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सारी नोकरी ऑपरेटर म्हणून झाली. कानाला यंत्र लावून, हाताने तारा खुपसून त्या गावोगावची माणसं जोडायच्या. गाडीत बसल्या की माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी त्यांच्या हाताखालचा कामचुकार उमेदवार.

"आम्ही हाताने जोडायचो," त्या म्हणायच्या. "वेळ लागायचा. पण लागायचा."

त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना त्यांना भारी झाला होता. बाई दिवसाआड जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायच्या. साहेब आणि बाई दोघांनी त्यांना घरी राहायला बोलावलं, त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात मी पेशंट होईन." आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की एका वृद्धनिवासातली खोली त्यांनी पाहून ठेवली आहे, आणि अमुक दिवशी दुपारी त्या होकार कळवणार आहेत.

बाईंच्या फोनमध्ये दोन नावं होती. आपली आई ती 'आई'. सासूबाई त्या 'अहो आई'. तोंडानेही तसंच. आपल्या आईशी 'तू', सासूबाईंशी 'तुम्ही'. साहेबांच्या फोनमध्ये त्यांची स्वतःची आई ती 'आई'. म्हणजे दोन्ही फोनांत 'आई' होती, पण ती आई वेगळी. माणसांना यात काही वावगं वाटत नाही. यंत्राचा मात्र गोंधळ होतो.

होकाराच्या त्या दुपारी साहेब ऑफिसपाशी उतरले आणि फोन सीटच्या फटीत विसरले. बाई एकट्याच पुढच्या रुग्णाकडे निघाल्या. त्यांचा फोन तारेने माझ्याशी जोडलेला होता, सगळं सुरळीत. मग एक खड्डा आला आणि तार निसटली. मी घाबऱ्याघाबऱ्या हवेत शोध घेतला. फटीतून साहेबांचा फोन म्हणाला, हजर. नियम म्हणजे नियम. मी त्याला जोडलं. काचेवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलंही. ती अक्षरं आजवर कोणी वाचलेली नाहीत.

बाईंनी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. "आईला फोन लाव."

मी लावला. काचेवर नाव आलं, 'आई'. बाईंनी पाहिलं, आणि त्यांचं समाधान झालं.

"बोल रे," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. पण दारातला स्पीकर खरखरा झालेला. त्याने तो 'रे' गिळला. उरलं नुसतं 'बोल', आणि त्या खरखरीत जगातल्या सगळ्या आया सारख्याच वाटतात.

"आई, तू कामात नसलीस तर ऐक. असलीस तरी ऐक."

"अगं, मी..."

"मध्ये बोलू नकोस ना! माझं डोकं फुटायची वेळ आलीय. अहो आईंचं आज ठरतंय. त्या चालल्या त्या वृद्धनिवासात. आणि तुझा जावई काय म्हणतो? 'तिच्या मनासारखं होऊ दे.' मनात काय आहे ते विचारलंयस का कधी म्हटलं, तर म्हणतो, 'ती सांगेल की.'"

मी काय करणार, मित्रांनो? मला तोंड आहे, पण ते दुसऱ्यांचं बोलणं सांगायला. उजव्या वळणाची सूचना मी ओरडून देऊ शकतो. 'बाई, थांबा, ही ती आई नव्हे,' एवढं एक वाक्य कोणी माझ्यात घातलेलं नाही.

"हट्टी आहेत गं. पाय दहा वेळा उचला म्हटलं, की चार वेळा उचलतात आणि 'झाले दहा' म्हणतात. मी मोजत नाही असं वाटतं त्यांना. मी केलेल्या भाजीला 'पथ्याची भाजी' म्हणतात. मी टॉवेलची घडी घातली, की उलगडून परत घालतात, माझ्यासमोर!"

मला वाटलं आता रस्ता दुभंगावा आणि गाडीसकट आपण आत जावं.

"पण त्या गेल्या ना आई, तर मी भांडू कोणाशी? तुझ्या जावयाशी? भांडण चालू झालंय, हेच त्याला संध्याकाळी कळतं." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "मला त्या घरी हव्यात. कर्तव्य-बिर्तव्य नाही. हव्यात, बस. हे त्यांना सांगायला जाते आणि तोंडातून निघतं काय, तर 'तुम्ही गोळ्या घेतल्या का, तुम्ही शेक घेतला का.' मग त्यांना वाटतं, सून ड्यूटीवर आलीय. काय करू मी? बोल ना. आता का गप्प?"

"चार नाही," सासूबाई म्हणाल्या. "पाच करते."

बाईंनी करकचून ब्रेक दाबला. मागून हॉर्नांचा कल्लोळ उठला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. काचेवर तेच, 'आई'.

"अहो आई?"

"हं. अहो आई."

"तुम्ही... तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"राँग नंबर लागला की लगेच काढायचा. लाइनवर बोलणं सुरू झालं की आपण कान काढून घ्यायचा. सगळी नोकरी तसंच केलं. आज पहिल्यांदा कान ठेवला. आता मी तुला..."

आणि इथे, मित्रांनो, नेमक्या इथे, फटीतल्या साहेबांच्या फोनची बॅटरी संपली. माझ्या काचेवर आलं: 'उपकरण जोडलेले नाही.'

बाईंनी मला टिचक्या मारल्या. तार उपसली, फुंकर मारली, परत खुपसली. मी हवेतला शोध सोडून तारेकडे वळलो; बाईंचा फोन चार्ज होऊ लागला, पण बोलेना. "मेल्या, आत्ता?" बाई मला म्हणाल्या. मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली, पण ही माझ्या काळजाला लागली, कारण या वेळी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी कोणाला ओरडू? मला तर फुंकरसुद्धा मारता येत नाही.

मग त्यांनी हातातल्या फोनवरून रुग्णाला 'उशीर होईल' एवढं कळवलं आणि गाडी सरळ उलटी वळवली. सासूबाईंना फोन करायला त्यांचं बोट दोनदा पुढे गेलं आणि दोनदा मागे आलं. हे बोलणं आता फोनवर उरकण्यासारखं नव्हतं.

सासूबाईंच्या इमारतीखाली गाडी लावून त्या जिना चढून गेल्या. मी खाली, उन्हात, अंधारा. वर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मला नेहमी अर्धंच कळतं. मला इतकंच दिसलं की बऱ्याच वेळाने दोघी खाली आल्या. सासूबाई काठी टेकत पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर एक छोटी पिशवी. चेहऱ्यावरून हो की नाही, काही कळेना.

"थंडी सरेपर्यंत येते," त्या म्हणाल्या. "खोलीवाल्यांना तसं कळवलंय. पटलं तर पुढचं पुढे. आणि टॉवेलच्या घड्या मी घालणार."

"घाला."

"भाजीत मीठही."

"ते डॉक्टरांना विचारून."

सासूबाईंनी बाईंकडे पाहिलं. "एक सांगू? माझ्या पाठीमागे, इतकं तडतडतानासुद्धा, तू मला 'त्या'च म्हणत होतीस. आणि तुझ्या आईला 'तू'."

"सवय आहे ती."

"मोड."

बाईंनी किल्ली फिरवली. मी उजळलो आणि पट्ट्याचं लाल चिन्ह दाखवलं.

"आई, पट्टा लावा," बाई म्हणाल्या.

सासूबाई हलल्या नाहीत. समोर बघत बसून राहिल्या. लाल चिन्ह लुकलुकत होतं आणि मी टिंगटिंग वाजत होतो.

"आई," बाई म्हणाल्या, "पट्टा लाव."

सासूबाईंनी पट्टा लावला. मी गप्प झालो.

थंडी सरून गेली. सासूबाई अजून घरातच आहेत आणि टॉवेलवरून रोज वाद होतात. साहेबांना एका रविवारी सगळा प्रकार कळला. "मग मला आधी का नाही सांगितलं?" असं ते दोघींनाही विचारत राहिले. माझ्याऐवजी नवा पडदा बसवायचं त्यांच्या मनात आहे. बसवोत.

जाता जाता तुमच्याकडे मागणं आहे, मित्रांनो. तार काढायची असेल तर तिच्या टोकाला धरून काढा, अंगाला धरून ओढू नका. काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. गाडी उन्हात लावलीत तर माझ्यावर काहीतरी टाका. कोपऱ्यातली बारीक अक्षरं कधीतरी वाचा. फोनचा राग पडद्यावर काढू नका. आणि आम्ही चुकतो, पण चुकण्यातही आमचा भरवसा नाही. तेव्हा कोणाला मनातलं सांगायचं असेल, तर आमच्या चुकीची वाट बघत बसू नका. घरी जा आणि सांगा.

एवढा त्रास कमी होता म्हणून की काय, बाईंनी आपल्या फोनमधल्या 'अहो आई'तलं 'अहो' पुसून टाकलंय. आता तिथे दोन 'आई' आहेत, एकाखाली एक, अक्षरात काडीचा फरक नाही. कामावरून परतताना त्या बटण दाबून म्हणतात, "आईला फोन लाव."

मी नियमाने विचारतो, "कोणती आई?"

"कोणतीही लाव," बाई म्हणतात.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसांच्या घरात यंत्राने काम करायचं तरी कसं?