हरणांसाठी अर्धा एकर

माझ्या भावाने वयाच्या एकावन्नाव्या वर्षी शेती करायचे ठरवले, आणि तीही हरणांसाठी. माणसांसाठी, गाईंसाठी, निदान वडिलांसाठी तरी शेती कर, अशी विनंती त्याच्यापुढे तीस वर्षे पडून होती. ती त्याने ऋतुमानाप्रमाणे नाकारली होती. हरणांनी मात्र त्याच्याकडे काहीच मागितले नव्हते, आणि न मागणाऱ्याला देण्यात जे पुण्य आहे ते मागणाऱ्याला देण्यात नाही, हे सर्व पंथांच्या आळशी लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

प्रकरण सुरू झाले ईस्टरच्या जेवणावर. आमचे वडील, आर्विड थॉर्सगार्ड, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. डोके शाबूत, गुडघे दोन्ही निकामी. गाई केव्हाच विकल्या गेल्या होत्या. ओढ्याखालची चांगली जमीन शेजारच्या लेलँड क्रूगरने घेतली होती. उरले होते ते टेकडीमागचे चाळीस एकर: ओकचे रान, आणि रानाच्या मधोमध अर्ध्या एकराचे जुने कुरण. वडिलांनी डुकराच्या मांसाचा शेवटचा तुकडा संपवला, रुमालाने तोंड पुसले आणि भावाकडे पाहिले.

"क्रूगर मागचं रानही मागतोय, डेल. तू म्हणतोस, तुला हवंय."

"हवंय म्हणजे काय, बाबा! शिकारीला दुसरं रान आहे कुठं आपलं?"

"मग त्या कुरणात काहीतरी उगवून दाखव. ज्याच्या हातून तिथं काही उगवेल, रान त्याचं. नाही उगवलं, तर थँक्सगिव्हिंगनंतर क्रूगरला देऊन टाकतो."

मी टेबलाच्या त्याच बाजूला, भावाशेजारी बसले होते. बटाट्यांचे भांडे माझ्याच हातून पुढे गेले. अकरा वर्षे मी पहाटे चारला उठून या घरच्या गाईंचे दूध काढले आणि नंतर वीस मैलांवरच्या कॉलेजात रोमन लोकांच्या शेतीवर व्याख्याने दिली. बुटांना शेण आणि तोंडी लॅटिन. त्या अकरा वर्षांत डेल मॅडिसन शहरात विमा विकत होता. रान मलाही हवे असू शकेल, ही कल्पना त्या टेबलावर कुणालाच शिवली नाही. मी ती बोलून दाखवण्याचा प्रयत्नही केला नाही. आमच्याकडे कुणी न विचारता बोलणे हे चोरीच्या खालोखाल समजतात.

ऑगस्टमध्ये डेल बियाणे घेऊन आला. पिशवीवर एक नर हरीण छापलेले होते. त्याच्या शिंगांना इतकी टोके होती की त्याला मान वर करता येत असेल यावर माझा विश्वास बसला नाही. भर दुपारी, उघड्या कुरणात, डेलने पानाफुलांच्या छापाचा शिकारीचा पोशाख चढवला. बियाण्यापासून लपण्यासाठी असावा.

"बादलीभर मका ओतून मोकळा झाला असतास की," मी म्हटले.

"तुरुंगात घालशील मला? बंदी आहे त्याला!"

हे खरे होते. आमच्या जिल्ह्यात हरणांपुढे मका ओतणे हा गुन्हा आहे, कारण एका जागी तोंडे घातली की त्यांच्यात रोग पसरतो. मात्र तोच मका त्याच जागी मुळावर उभा असेल तर ती शेती. या दोहोंतला फरक रोगाला समजतो, असे कायद्याने गृहीत धरलेले आहे. बरीच साम्राज्ये याहून कमी बुद्धीवर चालली, त्यामुळे मी तक्रार करत नाही.

"माती तपासून घेतलीस का?" मी विचारले.

"प्रोफेसरबाई, हरणं इथं खायला येणार आहेत, परीक्षेला नाही. अकरा प्रकारचं बी आहे यात. क्लोव्हरचा चारा, सलगम, काय काय. पिशवीवर लिहिलंय, कुठल्याही मातीत येतं."

वडील पिकअपमध्ये, काच खाली करून बसले होते. त्या कुरणाची माती आंबट आहे, चुना टाकल्याशिवाय तिथे क्लोव्हर धरत नाही, हे त्यांना एकोणीसशे एकसष्टपासून माहीत होते. डेलने मोहरीएवढे ते बी आधी फोकले, आणि मग क्रूगरकडून मागून आणलेला तव्यांचा कुळव त्यावरून फिरवला. एकदा फिरवला, समाधान झाले नाही म्हणून पुन्हा आडवा फिरवला. जे बी मातीवर नुसते टेकवायचे असते, ते चार बोटे खाली गाडले गेले. वडिलांनी स्टिअरिंग असे धरले होते, जणू गाडी दरीच्या काठावर आहे.

"सांगा ना त्याला," मी हळूच म्हटले.

"विचारलं नाही त्यानं."

कुळव थांबवून डेल घाम पुसत आला. "कसं वाटतंय, बाबा?"

वडिलांनी कुरणावर नजर फिरवली. "वेगळंच आहे," ते म्हणाले.

आमच्या भागात याहून कडक निंदेचा शब्द फक्त अंत्यविधीच्या वेळी वापरतात. शहरात राहून डेल आपली मातृभाषा विसरला होता. तो खूश झाला.

जाताना त्याने मला अंगणात गाठले. "बाबा काही म्हणाले का, बियाण्याबद्दल?"

"त्यांनाच विचार की."

"काही चुकलं असतं तर बोलले असते ना ते."

ही एवढी गोष्ट आमच्या कुळाच्या इतिहासात कधी घडलेली नाही. पण बावन्न मैलांचा रस्ता बाकी होता, आणि तो निघून गेला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुरणात कोल्हशेपटी गवत उगवले, दोन प्रकारचे काटे उगवले, आणि अकरा प्रकारांपैकी एकही उगवला नाही. डेल फोनवर म्हणाला, "आत मुळं धरत असेल." मी म्हटले, असेल. मातीखाली चार बोटांवर पुरलेल्या अनेक गोष्टींविषयी लोकांची अशीच श्रद्धा असते.

त्यानंतरच्या मंगळवारी वडिलांची पिकअप माझ्या दारात उभी राहिली. मागे दोन पोती होती, गव्हाच्या भावकीतल्या राय या धान्याची.

"गुरुवारी पाऊस सांगितलाय," ते म्हणाले.

"मग?"

"राय आहे. राय कुठंही येते. आंबट मातीत येते, दगडावरही येईल. नुसती वर फोकायची."

"मग फोका."

त्यांनी गुडघ्यांकडे पाहिले. मग माझ्याकडे. गळ्यात अडकवून हँडल फिरवायचे जुने पेरणीयंत्र त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवलेले होते, पट्टा माझ्या मापाने आधीच आखूड केलेला.

"डेलला सांगू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"वाटू दे पोराला, आपण केलं म्हणून."

"आणि मला काय वाटावं?"

यावर ते समोरच्या काचेतून पाहू लागले. "तुला काय कमी आहे? तुझी पुस्तकं आहेत."

माझ्या धंद्यात राग आला की माणूस मूळ पाठ तपासतो. "बाबा, ईस्टरला काय म्हणाला होतात? नीट सांगा पुन्हा."

"ज्याच्या हातून तिथं काही उगवेल, रान त्याचं. का?"

"काही नाही. शब्द बरोबर लक्षात आहेत ना, ते पाहिलं."

मी पट्टा गळ्यात घातला. वडील गाडीतून ओरडत राहिले: "हात एकसारखा फिरव! वाऱ्याकडं पाठ कर! अगं, पावलं मोज!" मी नऊ वर्षांची असताना त्यांनी हे मला शिकवले होते, डेलला शिकवायला बोलावले तेव्हा तो बेसबॉल खेळत होता. अर्धा एकर मी दोनदा चालले, उभी आणि आडवी. राय ओंजळीत थंड आणि जड लागत होती. गुरुवारी पाऊस आला.

ऑक्टोबरच्या मध्यावर कुरण असे हिरवे झाले की पाहणाऱ्याला संकोच वाटावा. डेलने झाडाला कॅमेरा बांधला आणि दर रविवारी इथे येऊन हरणांचे फोटो चर्चमध्ये दाखवू लागला. धर्मोपदेशकांनी नातवंडांचेही फोटो एवढ्या सहनशीलतेने पाहिले नसतील. ती रिकामी पिशवी त्याने आमच्या गोठ्याच्या भिंतीला चार खिळे ठोकून लावली, शिंगे वर. क्रूगरच्या पोरांना तो चुना, ओलावा आणि धीर या विषयांवर सल्ला देऊ लागला. न विचारता.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी हंगाम उघडला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मचाणावरून एकच बार ऐकू आला, आणि दुपारी आठ टोकांचा नर गोठ्यात टांगलेला होता. वडिलांच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघे कॉफी घेऊन बसलो. डेल शिकारीच्या नारिंगी जाकिटात, तोंडभर हसत होता.

"पाहिलंत, बाबा? जादूचं बी! तोंड खुपसून चरत होता गडी."

"वाईट नाही," वडील म्हणाले, आणि घसा खाकरला. "आता, ईस्टरला मी शब्द दिला होता..."

"एक मिनिट," मी म्हटले.

मी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक, सकाळीच मुळासकट उपटलेले हिरवे रोप. दुसरी, गोठ्यातल्या पिशवीच्या तळाला शिवलेली बोटभर चिठ्ठी. हरणाच्या चित्राखाली ती कुणी वाचत नाही; पण पिशवीत कोणते बी किती आहे हे त्या चिठ्ठीवर खरे छापावेच लागते.

"वाच," मी डेलला म्हटले. "अकराही वाच. त्यात राय कुठं आहे, दाखव मला."

डेलने चिठ्ठी दोनदा वाचली. मग रोपाकडे पाहिले. "मग ही...?"

"मी पेरली. सप्टेंबरात. बाबा गाडीत बसले होते."

वडिलांचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही, आणि मी त्याहून अवघड मजकूर वाचलेला आहे. त्यांनी रोप उचलले, मुळांवरची माती अंगठ्याने झाडली.

"तुम्हाला माहीत होतं?" डेल म्हणाला. "माझं काही आलंच नव्हतं?"

"खोल गेलं तुझं. आणि माती आंबट आहे."

"मग मला कुणी सांगितलं का नाही!"

"विचारलं नाहीस."

"मी विचारलं होतं, कसं वाटतंय म्हणून!"

"आणि मी सांगितलं, वेगळंच आहे म्हणून." वडील आता खरोखर चिडले होते. "याहून स्पष्ट काय बोलायचं माणसानं?"

मी वाट पाहिली. माझ्या हाती एवढेच होते: माणसाने स्वतः उच्चारलेले एक वाक्य, आणि त्या माणसाने आयुष्यभर हस्तांदोलनावर गाई विकल्या होत्या, ही माहिती. त्यांनी रोप पुन्हा टेबलावर ठेवले, माझ्या बाजूला.

"पोराला वाटू दे म्हटलं होतं तुला," ते म्हणाले.

"म्हटलं होतंत. शब्द मात्र दुसराच दिला होतात."

"हं." त्यांनी कप बाजूला सारला. "सोमवारी वकिलाकडं जाऊ. तू गाडी चालव." ते उठले आणि सिंकपाशी पाठमोरे उभे राहिले. "पेरणी एकसारखी झालीय. कुठं टक्कल नाही."

आमच्या भागात एवढ्या कौतुकावर माणसे दत्तक घेतली जातात.

डेल बाहेर गेला. गोठ्याचे दार वाजले. गाडी सुरू होण्याची मी वाट पाहत राहिले. ती झाली नाही. पाच मिनिटांनी कुणीतरी स्वयंपाकघराचे दार ठोठावले. या घरात एकावन्न वर्षे तो न ठोठावता शिरलेला आहे.

दुसऱ्याच्या रानात शिकार करायची तर मालकाच्या दारी जायचे, टोपी काढायची आणि हातात काहीतरी असू द्यायचे, ही आमच्याकडची रीत आहे. काचेतून दिसले: डेलने टोपी काढली होती. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले सकाळच्या हरणाच्या पाठीचे मांस होते, सगळ्यांत चांगला भाग. कागदातून ओल बाहेर येत होती.

"उद्या तुमच्या रानात बसलो तर चालेल का, बाई?" तो बाहेरूनच ओरडला. "आणि ते बी नक्की किती खोल टाकायचं असतं?"

त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला खरा प्रश्न. मी कॉफी संपवली. कप विसळला. मग दार उघडायला उठले.