दगड न दाखवलेलं चाक

“ॲल्युमिनियमला एकदा विस्तव दाखवला की संपलं. वरून सरळ दिसेल, पण आतून ते मेलेलं असतं,” असं तो मिस्त्री सहज बोलून गेला आणि तानाजीच्या हातातला चहा हातातच राहिला.

मांजरसुंब्याजवळच्या डोंगरावर त्या रविवारी सकाळी सायकलींची स्पर्धा होती. एकेकानं माथ्यावरून सुटायचं, दगडधोंड्यांतून उड्या घेत पायथा गाठायचा, ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला. अंगात रग असलेल्या पोरापोरींनी हाडं मोडून घ्यायचा हा नवा खेळ काढला आहे आणि त्याला आता बक्षीसही लावतात. पायथ्याशी अभिमन्यू नावाच्या सायकल मिस्त्रीनं ताडपत्री अंथरून सामान मांडलं होतं. भोवती हौशी मंडळी जमली होती आणि सगळ्यांचा एकच प्रश्न होता: डोंगरावर टिकेल आणि खिशालाही झेपेल अशी रिम कोणती?

तानाजी सगळ्यांत पुढं उभा होता. त्याची लेक दीपमाला वर माथ्यावर सतरा नंबरचा बिल्ला लावून उभी होती. शिवाय तो स्वतः बैलगाडीची चाकं करणारा. चाकाच्या बाबतीत आपल्याला कोण काय शिकवणार, असा त्याचा चेहरा होता.

“कार्बनच्या नादी लागू नका,” अभिमन्यू सांगत होता. “दगड बसला की तडकते आणि किंमत म्हशीएवढी. दुहेरी भिंतीची, रुंद, बत्तीस तारांची ॲल्युमिनियमची घ्या. थोडी जड असली तरी असू द्या. पोचा पडला तरी पळत राहते. लहानसा पोचा थंड असतानाच लाकडानं ठोकून काढा, नाहीतर राहू द्या. आग मात्र लावू नका. हे लोखंड नव्हे. पुढचा दगड बसला की रिम मिटणार आणि बसणारा तोंडावर.”

पोरं हसली. परवा शुक्रवारी दुपारी तानाजीनं लेकीच्या सायकलची मागची रिम गोवऱ्यांच्या आरात घालून स्वतःच्या हातानं भाजली होती.

तानाजी चकलांब्याचा. ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांना टायर आले आणि लाकडी चाक वर्षाला एखादंच व्हायला लागलं, पण त्याची ऐट काही गेली नव्हती. लाकडी चाकाला वरून जे लोखंडी कडं बसवतात त्याला धाव म्हणतात. ते आरात लालभडक करायचं, चाकावर चढवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. कडं आकसतं आणि चाकाला आवळून धरतं. मग ते चाक दुकानामागच्या उतारावर न्यायचं आणि खालच्या काळ्या दगडाच्या अंगावर सोडून द्यायचं. याला त्यांच्या घरात दगड दाखवणं म्हणत. दगडाला धडकूनही चाकाचा एकही आरा, म्हणजे आतला लाकडी दांडा, हलला नाही, तरच चाक दारातून बाहेर पडायचं. तानाजीच्या बापापासून आजतागायत एकही चाक दगड बघितल्याशिवाय गेलं नव्हतं.

अशा घरातली पोर डोंगरावरून सायकल सोडायला लागली. दोन वर्षांत तिनं तीन रिमा वाकवल्या. चौथीसाठी तिनं दोन महिने काथ्याकूट केला, पुण्याच्या दुकानदाराशी फोनवर वाद घातले, वहीत चित्रं काढली आणि शेवटी अभिमन्यू आत्ता सांगत होता अगदी तशीच रिम आणली. मागच्या चाकाला मार जास्त बसतो म्हणून तिथं जास्त जाड. तानाजीनं ती दोन बोटांवर तोलून बघितली होती.

“ह्ये काय ग दीपे, पत्रावळीवानी हलकं हाय. त्यापरीस लोखंडाची घ्यायची, जलमभर बघायचं काम न्हाई.”

“अण्णा, लोखंडाची घेऊन मी डोंगरावर उडी मारू का विहिरीत?” ती म्हणाली होती. “आन तुमी हिला हात लावू नका. तारा मीच ओढनार.”

हे त्याला लागलं होतं. साऱ्या गेवराई तालुक्याच्या गाड्या ज्या हातांवर चालल्या ते हात घरच्या चाकाला चालत नाहीत! ते तो विसरला नाही.

गुरुवारी सरावात मागच्या चाकावर दगड बसला आणि रिमेच्या काठाला अंगठ्याएवढा पोचा पडला. दीपमालानं त्यावरून बोट फिरवलं आणि सायकल भिंतीला लावली. “ऱ्हाऊ द्या. पोच्यानं काय होत न्हाई,” म्हणाली, आणि शुक्रवारी पहाटे कॉलेजच्या पेपरला बीडला निघून गेली.

आता तानाजीच्या दुकानात पोचा पडलेलं चाक आणि समोर अख्खा रिकामा दिवस. परवा शेकडो माणसं बघणार, त्यात चकलांब्याच्या तानाजीच्या लेकीचं चाक ठोकर खाल्लेलं! त्यानं टायर काढला, तारा सोडवल्या, गोवऱ्या पेटवल्या. लोखंड लाल होऊन सांगतं की मी झालो. ही रिम काही सांगेना. तो वाट बघत बसला. काळा रंग उडून ती राखेसारखी पांढुरकी झाली तरी लाल होईना. शेवटी त्यानं ती सांडशीनं बाहेर ओढली, लाकडी मोगरीनं पोच्यावर दोन हलके टोले दिले आणि पोचा लोण्यासारखा बसला. किती गुणी धातू, असं त्याला वाटलं! त्यानं पाणी ओतलं, काळा रंग मारला, तारा भरल्या, संध्याकाळपर्यंत आऊट, म्हणजे फिरताना येणारा हेलकावा, काढून चाक असं सरळ केलं की फिरतंय की थांबलंय कळू नये.

मग सवयीनं तो चाक घेऊन मागच्या उतारावर गेला. हात सुटणार तेवढ्यात थांबला. नवा रंग खरवडला जाईल, दीपीला कळेल, ती बोलेल. तो चाक तसंच घेऊन परत आला.

शनिवारी सकाळी तारा सैल पडल्या होत्या. नवं लाकडी चाकसुद्धा पहिले दोन दिवस बसतं, म्हणून त्यानं पुन्हा ओढल्या. दुपारी लेक आली, तिनं चाक फिरवलं आणि बघतच राहिली.

“पोचा कुठं गेला अण्णा?”

“काढला. हलक्या हातानं. घासली म्हणून रंग मारला.”

ती हसली. “लई भारी काढला. उगंच तुमाला हात लावू देत नव्हते मी.”

त्या एका वाक्यानं तानाजीचं पोट इतकं भरलं की विस्तवाचा विषय त्यानं काढलाच नाही. रविवारी पहाटे तारा पुन्हा सैल लागल्या, त्याही त्यानं ती उठायच्या आत गुपचूप आवळल्या.

पायथ्याशी, मिस्त्रीच्या ताडपत्रीपुढं, तानाजीनं चहाचा कप खाली ठेवला. “मिस्त्री,” तो म्हणाला, “म्या भाजली.”

“काय भाजली?”

“रिम. लेकीची. गोवऱ्यात. पोचा काढायला. ती वर हाय, सतरा नंबर.”

अभिमन्यूच्या तोंडावरचं हसू उडालं. “पुढची की मागची?”

“मागची. तारा रोज सैल पडू लाल्यात.”

“अहो, तारा सैल पडत नव्हत्या, मऊ पडलेली रिम तारांच्या ओढीनं आत येत होती!” अभिमन्यूनं फोन लावला. वर माथ्यावर रेंज नव्हती. त्यानं पुन्हा लावला. तेवढ्यात वरून चौदा नंबर धूळ उडवत खाली आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तानाजी पळत सुटला. गाडीवाट लांबून होती, म्हणून तो सरळ सायकलींच्या वाटेनंच वर निघाला. छप्पन वर्षांचा माणूस, धोतराचा काचा मारलेला, पायात चप्पल एकच उरलेली. दोरी धरून उभी असलेली पोरं ओरडत होती, “ओ काका, मरायचंय का?” त्याला ऐकू येत नव्हतं. वाटेतला एकेक दगड तो बघत होता आणि प्रत्येक दगडावर त्याला आपली पोर पडलेली दिसत होती. एक पुरुषभर उंचीचा कातळ होता, तिथून सायकली हवेत उडी घेत होत्या. इथं, तो मनात म्हणाला, इथं मिटंल. पंधरा नंबर त्याच्या खांद्याला वारा देऊन गेला. सोळा नंबरवाल्यानं त्याला बघून सायकल झुडपात घातली आणि आईवरून शिवी दिली. कुणीतरी लाल झेंडा दाखवला. शिट्ट्या सुरू झाल्या, स्पर्धा थांबली, आणि तानाजी चारी हातापायांवर माथा चढून आला.

दीपमाला सायकलवर बसलेली होती. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. तिनं हेल्मेटची काच वर केली.

“अण्णा? आईला काय झालं का?”

“उतर.”

“काय झालंय?”

“उतर म्हनतो ना खाली! चाक भाजलंय म्या. इस्तवात घातलतं.”

आजूबाजूला दहाबारा जण होते, कुणीतरी फिसकन हसलं. दीपमाला लाजेनं लाल झाली. तिनं खाली उतरून मागचं चाक बघितलं, हातानं उचलून फिरवलं. चाक तेलासारखं फिरलं. “सरळ हाय की. कावून तमाशा करू लाले अण्णा सगळ्यांसमोर? माझा नंबर हाय आता.”

घड्याळवाला म्हणाला, “पाच मिनिटं देतो. नाहीतर बाद.”

तानाजीनं सायकल तिच्या हातातून ओढून घेतली, उलटी टेकवली, चाक सोडवलं आणि मार थेट रिमेला बसावा म्हणून टायरमधली हवा सोडली. लेक त्याचा दंड धरून ओढत होती. त्यानं चाक दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचललं आणि बाजूच्या कातळावर आपटलं.

आवाज मोठा झाला नाही. खरं तर तीच भीती वाटण्यासारखी गोष्ट होती. लोखंड वाजतं, लाकूड तडकतं. रिम नुसती आत बसली, ओली भाकरी दुमडावी तशी. चार तारा टणटण करून सुटल्या आणि चाक मधोमध मुडपून त्याच्या हातात लोंबायला लागलं.

कुणी हसलं नाही. घड्याळवाल्यानं घड्याळ खाली घेतलं. दीपमालानं हेल्मेट काढलं. ती त्या चाकाकडं बघत होती आणि मग तिनं खाली वाटेकडं बघितलं, जिथं तो उंच कातळ होता.

तिनं विचारलं, “घरी दगड दाखवला न्हवता?”

“न्हाई.”

“कावून?”

तानाजीला खोटं बोलावंसं वाटलं आणि बोलता आलं नाही. “तुला कळंल म्हनून.”

तिनं मान हलवली, जणू पत्ता विचारला होता आणि तो मिळाला होता. लोकांच्या गाड्यांची चाकं दगड बघून गेली होती. अनोळखी माणसांच्या उसाची, शेणखताची, बाजारहाटाची चाकं. आणि पोटच्या पोरीचं चाक बापाची अब्रू झाकायला दगड न बघता गेलं होतं. हे तिनं बोलून दाखवलं नाही. तिनं ते बोलून दाखवलं असतं तर बरं, असं त्याला घरी जाईपर्यंत आणि नंतरही कितीतरी दिवस वाटत राहिलं.

स्पर्धेतून ती बाद झाली. मुडपलेलं चाक साखराबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, भंगारात द्यायला काढलं तेव्हा दीपमालानं ते परत आणून दुकानाच्या दाराला खिळ्यावर टांगलं. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय. तानाजी प्रत्येकाला सगळं सांगायचा, काही न लपवता, रंगासकट.

महिन्याभरानं नवी रिम आली. तीच, दुहेरी भिंतीची, बत्तीस तारांची. दीपमालानं तारा स्वतः भरल्या, टायर न चढवता चाक उचललं, मागच्या उतारावर नेलं आणि बापाच्या हातात दिलं. मग खाली जाऊन काळ्या दगडापाशी उभी राहिली.

“सोडा,” ती खालून ओरडली.

त्याच्या हातातून चाक सुटेना. आयुष्यभर हजारेक चाकं त्यानं इथून हसत सोडली होती.

“सोडा म्हनते ना अण्णा!”

त्यानं सोडलं. चाक उड्या घेत गेलं, दगडावर दणकन आदळलं, खणखणीत वाजलं आणि बाजूला पडलं. तानाजी धावत खाली आला. दीपमाला गुडघ्यावर बसून एकेक तार बोटानं छेडत होती, कान लावून ऐकत होती. बत्तीसच्या बत्तीस तारा वाजल्या. एका ठिकाणी मात्र काठ दबला होता, बोटाच्या पेराएवढा.

तानाजीचा हात आपोआप कमरेच्या मोगरीकडं गेला.

“अण्णा,” ती वर न बघता म्हणाली, “ऱ्हाऊ द्या.”

त्यानं मोगरी काढली आणि दगडावर ठेवून दिली.