नीलम्मानं भरलेली टाकी

शिवाप्पांचं गवत कापायचं मशीन सुरू झालं, की चुडाव्याचा स्टेशनमास्तर दचकून हिरवी झेंडी दाखवायचा. एकदा त्या आवाजानं सुटलेल्या दोन म्हशी थेट पूर्णा जंक्शनात सापडल्या, त्याही प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत. शपथेवर सांगणारे गावात आहेत. पण गेलं वर्षभर मशीन मुकं होतं.

ते त्यांच्या बायकोचं, नीलम्माचं. शिवाप्पा रेल्वेत असताना साहेबाच्या बंगल्यापुढची हिरवळ तिच्या डोळ्यांत भरली होती. शेतात घर बांधल्यावर तिनं दागिना मागितला नाही; हिरवळ मागितली आणि हे पेट्रोलचं मशीन. ती दांड्यावरची पट्टी दाबून धरायची, शिवाप्पा दोरी ओढायचे. पट्टी सोडली की मशीन बंद. गेल्या साली तिनं टाकी भरली, "उद्या कापू," म्हणाली, आणि सकाळी चहा गाळता गाळता गेली. त्यांच्यात, लिंगायतांत, पुरतात. तिच्याच हिरवळीत तिला समाधी दिली.

आता गवत गुडघ्याला आलं होतं. समाधीचा वीतभर दगड त्यात बुडाला होता. उद्या तिला जाऊन वर्ष होणार, पाहुणे येणार. मुलगा वैभव पाठीला फवारणीचा पंप अडकवून उभा.

"अप्पा, दुपारपस्तोर थांबतो. मंग तणनाशक मारून मोकळं करतो. पाव्हण्यांत साप निघाला म्हंजे?"

"तुझ्या मायचं गवत हाय ते."

"मंग करा की चालू! सकाळपासून दोरीच ओढायलाव."

शेजारचे बन्सीधर बांधावरून म्हणाले, "शिवाप्पा, दोरीआधी तुमी तुटताल. वर्षाचं पेट्रोल हाय त्यात, डिंक झाला आसंल. काढून टाका."

"न्हाई काढत."

"का? अत्तर हाय का काय?"

पेट्रोल बिघडलंय हे शिवाप्पांना सकाळपासूनच ठाऊक होतं. झाकणाला तिनं गुंडाळलेली लुगड्याची चिंधी तशीच होती. आत तिनं ओतलेलं पेट्रोल, जुन्या वार्निशासारखा वास मारणारं.

ऊन माथ्यावर आलं. वैभव पंपात पाणी भरायला लागला, तेव्हा शिवाप्पांनी टाकी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत उपसली. कोऱ्या चहासारखं पेट्रोल निघालं. ते फेकलं नाही. त्यातच प्लग धुतला, कार्बोरेटरची वाटी धुतली, बारीक भोकातून तार फिरवली. बरणीतलं काळं होत गेलं आणि पुसायच्या चिंध्यांत संपलं.

वैभवनं आपल्या मोटारसायकलचं पेट्रोल काढून दिलं.

"धर गं," शिवाप्पा सवयीनं म्हणाले.

दांड्यापाशी कुणीच नव्हतं. वैभवनं पंप खाली ठेवला, येऊन पट्टी दाबली. तिसऱ्या ओढीला मशीन धडधडलं. बांधावरनं बन्सीधर ओरडले, "म्हशी बांधा रे!"

शिवाप्पांनी पट्टीसकट दांडा आपल्या हातात घेतला. मशीनचं तोंड उचलत, टेकवत, त्यांनी गवत उतरवलं. दगड उघडा झाला, त्याच्या कडेनं हळू फिरवलं.

"झालं अप्पा. सोडा पट्टी."

"या खेपंला टाकीत थेंब ठेवायचा न्हाई."

कापलेल्या गवतावरून ते फिरतच राहिले. टाकी संपली; मशीन खोकलं, थांबलं. वैभवनं हाक मारली. शिवाप्पांनी वळून बघितलं, पण बोटं अजून पट्टीवर घट्ट होती.